वनस्पतींमधले चयापचयी जनुकगुच्छ: जमतात कसे, आणि पांगत का नाहीत?

एका संशोधक विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. त्याच्या गटाने एका औषधी वनस्पतीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, तुकड्यांवरून जुळवला, त्यावर प्लांटिस्मॅश हे सॉफ्टवेअर चालवले आणि चयापचयी जनुकगुच्छांची, म्हणजे एकाच रसायनाच्या मार्गातल्या, गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेल्या जनुकांच्या समूहांची, भलीमोठी यादी हाती आली. हे गुच्छ जिवाणूंमधल्या ऑपेरॉनसारखेच आहेत का? ते बुरशीकडून किंवा जिवाणूंकडून वनस्पतीत शिरले असतील का? तसे नसेल तर वेगवेगळ्या कुळांतली जनुके गुणसूत्रावर शेजारीशेजारी येतातच कशी? आणि शेवटी व्यवहाराचा प्रश्न: यादीतल्या कुठल्या गुच्छामागे लागायचे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. हे ऑपेरॉन नव्हेत. ऑपेरॉनमध्ये एकाच प्रमोटरवरून (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरून) अनेक जनुकांचा मिळून एक सलग एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठीची जनुकाची नक्कल) निघतो. वनस्पतीच्या गुच्छात प्रत्येक जनुकाला स्वतःचा प्रमोटर असतो आणि प्रत्येकाचा एमआरएनए वेगळा असतो. दोन जनुकांच्या मधल्या जागेत ट्रान्सपोझॉनचे (जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांचे) अवशेष आणि कधीकधी त्या मार्गाशी काही संबंध नसलेली जनुकेही असतात. हे गुच्छ बाहेरून आलेलेही नाहीत. बुरशींमध्ये अख्खा गुच्छ एका प्रजातीतून दुसरीत गेल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे शंका येणे साहजिक आहे. पण वनस्पतींमधल्या ज्या गुच्छांचा नीट अभ्यास झाला आहे, त्यांतल्या जनुकांचा वंशवृक्ष काढला की ती वनस्पतींच्याच जनुककुळांत जाऊन बसतात. म्हणजे सगळा माल घरचाच आहे.

तिसऱ्या प्रश्नाची मांडणी मात्र मी थोडी बदलेन. जनुके जवळ कशी आली यावर आपण फार डोके खपवतो. वनस्पतीचा जीनोम सतत ढवळला जात असतो: तुकडे उलटतात, प्रती निघतात, ट्रान्सपोझॉन जनुकांना इकडून तिकडे नेतात. लाखो पिढ्यांच्या हिशेबात कोणतीही दोन जनुके कधी ना कधी शेजारी येऊ शकतात. विचारायचे ते हे की एकदा शेजारी आलेली जनुके पुन्हा पांगली का नाहीत? ज्या ढवळण्याने ती जवळ आली, त्याच ढवळण्याने ती दूरही गेली असती. त्यांना कशाने धरून ठेवले हे कळले, की यादीतला खरा गुच्छ आणि योगायोगाने जमलेली गर्दी यांतला फरक ओळखणे बरेच सोपे होते.

सुरुवात मक्यापासून करू. 1997 मध्ये मोनिका फ्रे आणि सहकाऱ्यांनी मक्यातल्या डिम्बोआ या रसायनाचा मार्ग उलगडला. कोवळ्या रोपाला किडींपासून आणि रोगांपासून वाचवणारे हे रसायन आहे. त्याच्या मार्गातली बीएक्स-1 ते बीएक्स-5 ही पाच जनुके चौथ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एकमेकांजवळ सापडली. त्यातले बीएक्स-1 फार बोलके आहे. प्रत्येक वनस्पती ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल तयार करते, आणि त्यासाठीच्या ट्रिप्टोफॅन सिंथेज या एन्झाइमचे अल्फा आणि बीटा असे दोन भाग असतात. अल्फा भाग इंडोल तयार करतो आणि ते बाहेर निसटू न देता आतल्या आत बीटाकडे सोपवतो. बीएक्स-1 ही या अल्फा भागाच्या जनुकाची प्रत आहे. फरक एवढाच की तिचे एन्झाइम बीटाच्या सोबतीशिवाय एकटेच काम करते आणि इंडोल मोकळे सोडते. पुढची चार जनुके सायटोक्रोम पी-450 कुळातली आहेत. ती या इंडोलवर एकेक ऑक्सिजन चढवत जातात.

इथे एक भेद ध्यानात ठेवा, कारण पुढे यादी चाळताना तोच कामाला येतो. बीएक्स-2 ते बीएक्स-5 ही चारही जनुके एकमेकांची भावंडे आहेत. एकाच्या प्रती शेजारी पडत गेल्या आणि प्रत्येकीने वेगळे काम उचलले. अशी भावंडांची रांग जीनोममध्ये जागोजागी दिसते आणि तिचे कोडे वाटण्यासारखे काही नाही. कोडे आहे ते बीएक्स-1चे. पूर्णपणे वेगळ्या कुळातले, प्राथमिक चयापचयातून आलेले हे जनुक या चौघांच्या शेजारी आहे आणि त्याच मार्गाची पहिली पायरी सांभाळते आहे. वेगवेगळ्या कुळांतली जनुके एका मार्गासाठी एकत्र आली असतील तरच मी त्याला गुच्छ म्हणतो.

पांगत का नाहीत या प्रश्नाचे मला सगळ्यात पटलेले उत्तर ओटमधून आले आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

ओटच्या कोवळ्या रोपाचे मूळ अंधारात अतिनील दिव्याखाली धरले की त्याचे टोक झळझळीत निळे दिसते. ही चमक अॅव्हेनासिन ए-1 या रसायनाची आहे. हे ट्रायटर्पिन वर्गातले सॅपोनिन असून मुळाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींमध्ये साठते. त्याला जोडलेला एन-मिथाइल अँथ्रॅनिलेटचा तुकडा अतिनील प्रकाशात चमकतो. जमिनीतल्या बुरशींपासून, विशेषतः गव्हाची मुळे कुजवणाऱ्या गॉइमॅनोमायसीसपासून, ओटचा बचाव हेच रसायन करते. अॅन ऑसबोर्न यांच्या गटाने या चमकेचाच चाळणीसारखा उपयोग केला. अव्हेना स्ट्रिगोसा या द्विगुणित ओटच्या बियांमध्ये उत्परिवर्तने घडवली, रोपांची मुळे अतिनील दिव्याखाली पाहिली आणि ज्यांची चमक गेली होती ती रोपे वेगळी काढली. 1999 मध्ये त्यांनी दाखवले की ही रोपे रोगाला सहज बळी पडतात. यातून जी जनुके हाती लागली त्यांना सॅड-1, सॅड-2 अशी नावे मिळाली. त्यांतली बहुतेक एकमेकांना खेटून होती.

सॅड-1 स्टेरॉल मार्गातल्या सायक्लोआर्टेनॉल सिंथेजच्या वंशातले आहे. सॅड-2 तर आणखी थक्क करणारे. ते सीवायपी-51 कुळातले आहे. वनस्पती, प्राणी, बुरशी या सगळ्यांत स्टेरॉल तयार करण्याचे एकच काम निमूटपणे करत आलेले हे कुळ आहे, पी-450 मधले सगळ्यांत कमी बदललेल्यांपैकी एक. ओटमध्ये त्याची एक प्रत मूळ काम सोडून बीटा-अमायरिन या अॅव्हेनासिनच्या मूळ सांगाड्यावर हायड्रॉक्सिल आणि इपॉक्साइड हे ऑक्सिजनचे गट बसवू लागली. इतक्या सनातनी कुळातली प्रत असे वळण घेते, तेव्हा त्यामागे निवडीचा चांगलाच रेटा असला पाहिजे.

आता मूळ मुद्दा. सॅड-1 बिघडले तर मुळाची चमक जाते, रोग लागतो, पण मूळ दिसायला अगदी नेहमीसारखे असते. सॅड-3 बिघडले तर गोष्ट पार वेगळी. हे जनुक शेवटच्या टप्प्यांपैकी एका टप्प्याचे, म्हणजे रेणूवर ग्लुकोज चढवण्याचे काम पाहते. ते बंद पडले की ग्लुकोज अपुरे असलेले अॅव्हेनासिन साठत जाते, बाहेरच्या थरातल्या पेशींची आतली वाहतूक कोलमडते, मूळ खुरटते आणि मूलरोम धड येत नाहीत. ऑसबोर्न यांच्या गटाने 2008 मध्ये पुढचे पाऊल टाकले: सॅड-1 आणि सॅड-3 दोन्ही बिघडलेली रोपे तयार केली. त्यांची मुळे पुन्हा निकोप झाली. पहिलीच पायरी बंद असली की विषारी मधले रसायन तयारच होत नाही, म्हणून शेवटची पायरी नसली तरी काही अडत नाही.

या एका प्रयोगात गुच्छांच्या उत्क्रांतीचा निम्मा युक्तिवाद सामावला आहे. पूर्ण मार्ग असलेली वनस्पती सुरक्षित. मार्ग मुळीच नसलेली वनस्पती रोगापुढे दुबळी, पण जगते. अर्धाच मार्ग असलेली वनस्पती मात्र स्वतःच्याच विषाने आजारी पडते. आता समजा पहिल्या आणि शेवटच्या पायरीची जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत आणि लोकसंख्येत दोन्हींची चालू आणि बंद अशी रूपे आहेत. दर संकरात काही संततीच्या वाट्याला नेमकी वाईट जोडी येणार: पहिली पायरी चालू, शेवटची बंद. तीच जनुके शेजारी असतील तर ती एकत्र वारशाने जातात, सगळी किंवा एकही नाही. दोन जनुकांची रूपे एकमेकांवर अशी अवलंबून असतील तर त्यांच्यातले पुनःसंयोजन (गुणसूत्रांच्या जोडीतली तुकड्यांची अदलाबदल) कमी करणाऱ्या बदलांना निवडीची साथ मिळते, हा विचार अनुवंशशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी 1930 मध्येच मांडला होता. गुच्छ हे त्याचे रेणूच्या पातळीवरचे उदाहरण म्हणता येईल.

ज्वारीतही हेच चित्र दिसते. ज्वारीतले धुरिन हे सायनाइड सोडणारे ग्लुकोसाइड तीन मुख्य एन्झाइमे बनवतात: सीवायपी79ए1, सीवायपी71ई1 आणि शेवटी ग्लुकोज चढवणारे यूजीटी85बी1. तिघांची जनुके एकाच गुच्छात आहेत. पहिले जनुक बिघडलेल्या रोपांत सायनाइड तयार होत नाही आणि ती जवळपास नेहमीसारखी वाढतात. शेवटचे बिघडलेली रोपे खुरटी आणि अशक्त राहतात. वनस्पती वेगळी, रसायन वेगळे, पण धडा ओटचाच.

ओटच्या गुच्छाबद्दल 2021 मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अव्हेना स्ट्रिगोसामध्ये या गुच्छात एकूण 12 जनुके आहेत आणि तो गुणसूत्राच्या टोकाजवळ, टेलोमिअरच्या लगतच्या भागात आहे. गुणसूत्राचा हा भाग अस्थिर असतो, तुकडे गळून पडतात, नवे जोडले जातात. इतर तृणधान्यांच्या जीनोममध्ये या भागाशी जुळणारे काही नाही, म्हणजे ओटची शाखा वेगळी झाल्यावर गुच्छ तिथेच नव्याने जमला. त्यातली जनुके साधारण मार्गाच्या क्रमानेच मांडलेली आहेत आणि शेवटच्या पायऱ्यांची जनुके टेलोमिअरपासून सर्वांत दूर आहेत. टोक तुटले तर आधी सुरुवातीच्या पायऱ्यांची जनुके जातील, शेवटच्यांची नाही, म्हणजे स्वतःला विष पाजण्याची वेळ येणार नाही. संशोधकांनी हा तर्क म्हणूनच मांडला आहे आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. पण सॅड-3ची खुरटलेली मुळे डोळ्यांसमोर असतील तर तो उगाच केलेला वाटत नाही.

आता दुसरी बाजू, कारण इथेच अनेक जण वाहवत जातात आणि गुच्छ असल्याशिवाय मार्ग चालत नाही असे मानू लागतात. मार्ग खुशाल चालतो. गव्हात बीएक्स जनुके दोन ठिकाणी विभागलेली आहेत: बीएक्स-1 आणि बीएक्स-2 चौथ्या गटाच्या गुणसूत्रांवर, बीएक्स-3 ते 5 पाचव्या गटाच्या. तरी गव्हाला डिम्बोआ तयार करता येते. ओटमध्येही सॅड-4 हे जनुक गुच्छाबाहेर आहे आणि त्यात बिघाड झाला तरी मुळे खुरटतात. काकडीत कडू कुकुर्बिटासिनच्या मार्गातल्या नऊ जनुकांपैकी बरीचशी सहाव्या गुणसूत्रावरच्या गुच्छात आहेत, पण काही दुसऱ्या गुणसूत्रांवर आहेत. पानात चालणारा बीएल आणि फळात चालणारा बीटी हे दोन नियंत्रक घटक गुच्छातल्या आणि गुच्छाबाहेरच्या जनुकांना सारखेच चालू करतात. टोमॅटोत ग्लायकोअल्कलॉइडची सहा जनुके सातव्या गुणसूत्रावर एकत्र आहेत, तर दोन बाराव्यावर. फुलांना रंग देणाऱ्या अँथोसायनिनचा मार्ग तर पुरता विखुरलेला आहे आणि तो अतिशय शिस्तीत चालतो. एकत्र चालू-बंद होण्यासाठी एकत्र राहावेच लागते असे नाही. एक सामाईक नियंत्रक घटक पुरतो.

म्हणून गुच्छांचे कारण सांगताना सहनियमनाला पहिला मान देणे मला पटत नाही. त्याचा हातभार नक्कीच आहे. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात थॅलियानॉल आणि मार्नेरल या दोन ट्रायटर्पिनांचे गुच्छ मुळांत चालू असतात आणि पानांत बंद. पानांत त्यांच्यावर एच3के27एमई3 ही जनुक बंद ठेवणारी हिस्टोनची (डीएनए ज्याभोवती गुंडाळला जातो त्या प्रथिनाची) खूण असते आणि ती साधारण गुच्छाच्या हद्दीपुरतीच पसरलेली असते. 2020 मधल्या अभ्यासात दिसले की या गुच्छांच्या जागी क्रोमॅटिनची (डीएनए आणि प्रथिने यांच्या गुंडाळीची) त्रिमितीय घडी चालू असताना एक असते आणि बंद असताना दुसरी. जनुके शेजारी असल्याने एकाच पडद्याआड झाकता येतात, हा मोठा फायदा आहे. विशेषतः थॅलियानॉल भलत्या ठिकाणी तयार झाले की रोप खुरटते हे माहीत असताना हे झाकणे जीवनमरणाचे ठरू शकते. पण माझ्या मते ही सोय शेजार जमल्यानंतर हाती आलेली आहे. शेजार टिकवण्याचे मुख्य काम एकत्र वारशाने जाण्याचे आहे.

या मतावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. फिशरचा युक्तिवाद पुनःसंयोजनावर उभा आहे. पण अरॅबिडॉप्सिस, भात आणि ओट या मुख्यतः स्वपरागित वनस्पती आहेत. स्वपरागणात संतती लवकरच समयुग्मजी होते, दोन्ही गुणसूत्रांवर तीच रूपे असतात, आणि अशा वेळी पुनःसंयोजन झाले काय अन् न झाले काय, फरक फारसा पडत नाही. मग जनुके शेजारी ठेवण्याचा फायदा कुठून येणार? याला दोन उत्तरे आहेत. अरॅबिडॉप्सिस थॅलियाना स्वपरागित झाली ती अलीकडे. थॅलियानॉलचा गुच्छ मात्र त्याआधीचा, अरॅबिडॉप्सिस वंशाच्या सामाईक पूर्वजात तयार झालेला आहे, आणि त्या वंशातल्या परपरागित प्रजातींमध्येही तो आहे. म्हणजे गुच्छ जमला तेव्हाच्या प्रजननपद्धतीचा विचार करायला हवा, आजच्या नव्हे. दुसरे असे की स्वपरागित वनस्पतींतही अधूनमधून परागण बाहेरून होतेच, आणि नेमक्या त्याच पिढ्यांत वाईट जोड्या बाहेर पडतात. मला पहिले उत्तर अधिक वजनदार वाटते. या प्रश्नावर काम करायचे असेल तर एकाच वंशातल्या परपरागित आणि स्वपरागित प्रजातींमध्ये एकाच गुच्छाचे काय होते ते शेजारी ठेवून पाहण्यासारखा मार्ग नाही.

जनुके जवळ येण्याच्या यंत्रणेकडे आता थोडक्यात येतो. थॅलियानॉलवर 2020 मध्ये झालेल्या कामात अरॅबिडॉप्सिसच्या अनेक वाणांचे जीनोम तपासले गेले. गुच्छ जवळपास सगळ्यांत शाबूत होता, बिघडलेली रूपे विरळ होती. काही वाणांत गुणसूत्राचा एक तुकडा उलटा झाला होता आणि त्यामुळे थोडे दूर असलेले जनुक गुच्छाला येऊन चिकटले होते. एकाच प्रजातीत विरळ आणि घट्ट अशी दोन्ही रूपे आजही सापडतात, म्हणजे गुच्छ आवळला जाण्याची प्रक्रिया चालू असतानाच पाहायला मिळते. त्याआधी 2015 मध्ये 17 वनस्पतींच्या जीनोममधल्या टर्पिन सिंथेज (टर्पिनचा सांगाडा बनवणारे एन्झाइम) आणि पी-450 यांच्या जोड्या तपासल्या गेल्या. द्विदलांमध्ये जुनी जोडी जोडीनेच दुप्पट होत गेलेली दिसली. एकदलांमध्ये मात्र जोड्या नव्याने, मिसळ होऊन जमलेल्या होत्या. म्हणजे गुच्छ बनण्याची एकच ठरलेली वाट नाही.

वाट एक नसली तरी मुक्काम पुनःपुन्हा तोच येतो, आणि निवडीच्या बाजूने याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. ज्वारी, कसावा आणि लोटस जॅपोनिकस या तीन दूरच्या वनस्पतींमध्ये सायनाइड सोडणाऱ्या ग्लुकोसाइडचे गुच्छ आहेत आणि ते स्वतंत्रपणे तयार झालेले आहेत, असा निष्कर्ष 2011 मध्ये निघाला. भातात मोमिलॅक्टोन या संरक्षक रसायनाचा गुच्छ चौथ्या गुणसूत्रावर आहे. भातशेतीतल्या बार्नयार्ड गवतातही मोमिलॅक्टोनचा गुच्छ सापडला. कॅलोहिप्नम प्लुमिफॉर्म नावाच्या एका शेवाळात (मॉसमध्ये) 2020 मध्ये तो सापडला तेव्हा मात्र मी स्वतः तो शोधनिबंध पुन्हा पुन्हा वाचला. शेवाळे आणि गवते कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली. भातात वलये जोडण्याच्या सुरुवातीच्या दोन पायऱ्यांचे काम दोन वेगळी एन्झाइमे करतात. शेवाळात एकच दुहेरी एन्झाइम ते उरकते. म्हणजे हा सामाईक वारसा नव्हे. तेच रसायन दोनदा शोधले गेले आणि दोन्ही वेळा त्याची जनुके एकत्र येऊन बसली.

अफूचे उदाहरण मी इथे देतो ते व्यवहाराच्या प्रश्नाकडे वळण्यासाठी. नॉस्कॅपिन हे अफूतले खोकला दाबणारे अल्कलॉइड आहे. 2012 मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या गटाने नॉस्कॅपिन भरपूर असलेल्या आणि मुळीच नसलेल्या वाणांची तुलना केली. काही जनुके एका वाणात जोमाने चालू होती आणि दुसऱ्यात दिसतच नव्हती. दुसऱ्या वाणाच्या डीएनएमध्येच ती नव्हती. संकराच्या संततीत ती सगळी एकगठ्ठा पुढे जात होती. तो भाग वाचल्यावर 221 किलोबेसच्या (किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरे) टापूत 10 जनुके निघाली: तीन मिथाइलट्रान्सफरेज, चार पी-450, एक अॅसिटिलट्रान्सफरेज, एक कार्बोक्सिलेस्टरेज आणि एक डीहायड्रोजनेज. पाच वेगळ्या कुळांची दहा जनुके. रसायन आहे तिथे गुच्छ आहे, रसायन नाही तिथे गुच्छच नाही. पुढे 2018 मध्ये अफूचा पूर्ण जीनोम आला, तेव्हा मॉर्फिनच्या मार्गाची काही जनुकेही त्याच टापूच्या शेजारी निघाली आणि अकराव्या गुणसूत्रावरचा हा समूह 15 जनुकांचा झाला. त्यात स्टॉर नावाचे जनुक आहे. त्यात पी-450 आणि रिडक्टेज ही दोन वेगळी जनुके चक्क जोडली जाऊन एकाच प्रथिनाची झाली आहेत. शेजाराचा यापुढचा टप्पा असू शकत नाही.

आता तुमची, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याची, यादी. त्यातल्या बहुतेक नोंदी खऱ्या गुच्छांच्या नसतील, असे मी जीनोम न पाहताही म्हणेन. 2017 मध्ये एका अभ्यासात जनुकांच्या सहअभिव्यक्तीचे (कोणती जनुके एकसाथ चालू होतात याचे) जाळे मांडून तपासले गेले. प्रयोगाने सिद्ध झालेल्या गुच्छांपैकी काही त्यात नीट उठून दिसले. केवळ संगणकाने सुचवलेल्या गुच्छांतली जनुके मात्र कोणत्याही शेजारच्या जनुकांपेक्षा जास्त एकसाथ चालू होत नव्हती. सॉफ्टवेअरची यात चूक नाही. जवळ असलेली एन्झाइमांची जनुके दाखवणे हे त्याचे काम आहे, ती कशासाठी जवळ आहेत हे सांगणे नाही.

म्हणून आधी जुळवणीच तपासा. गुच्छाचा टापू एकाच सलग कॉन्टिगवर (जुळवलेल्या अखंड तुकड्यावर) आहे ना, लांब रीड्स (यंत्राने एका दमात वाचलेले डीएनएचे तुकडे) तो पूर्ण ओलांडतात ना, ते पाहा. ट्रान्सपोझॉनने भरलेल्या अशा टापूत चुकीची जोडणी सहज होते, आणि शेजारच्या दोन पी-450 जनुकांना सॉफ्टवेअरने एकच समजणे हे तर नेहमीचेच. मग भावंडांच्या रांगा एक जनुक म्हणून धरा. पाच पी-450 आणि एक ग्लायकोसिलट्रान्सफरेज दिसले, पण पाचही पी-450 एकमेकांची जवळची भावंडे असतील, तर तुमच्याकडे दोनच कुळे आहेत. ती नोंद खाली सारा. ज्या नोंदीत मूळ सांगाडा बनवणारे एन्झाइम आहे, म्हणजे टर्पिन सिंथेज, ऑक्सिडोस्क्वालिन सायक्लेज किंवा बीएक्स-1सारखी प्राथमिक चयापचयातून आलेली प्रत, ती वर आणा. तुमच्या वनस्पतीत मूळ काम करणारी दुसरी प्रत गुच्छाबाहेर आहे का तेही पाहा. ती असेल तर गुच्छातली प्रत नव्या कामासाठी मोकळी झालेली आहे असे धरायला जागा आहे.

त्यानंतर अभिव्यक्ती. फक्त निरोगी पानाच्या आरएनएवर निर्णय घेऊ नका. मूळ, मुळाचे टोक, खोड, फूल, फळाची साल आणि बुरशीची लागण किंवा जास्मोनेट या संरक्षण जागवणाऱ्या संप्रेरकाचा फवारा दिलेली ऊती, एवढे तरी नमुने हवेत. संरक्षणाची रसायने विशिष्ट पेशींत आणि विशिष्ट वेळीच तयार होतात. सहअभिव्यक्ती मोजताना तुलना यादृच्छिक जनुकांशी करू नका, शेजारच्याच पण गुच्छाबाहेरच्या जनुकांशी करा. शेजारी असल्यानेच थोडी सहअभिव्यक्ती येते, ती वजा झाली पाहिजे.

तुमच्या वनस्पतीचे वेगवेगळ्या भागांतले नमुने मिळत असतील तर अफूचा कित्ता गिरवा. कोणत्या नमुन्यात रसायन आहे, कोणत्यात नाही, आणि गुच्छ कुठे पूर्ण, कुठे तुटका, कुठे गायब, हे जुळवून पाहा. एवढ्यावरून जे कळते ते महिनोन्‌महिन्यांच्या एन्झाइम चाचण्यांतूनही कळत नाही.

प्रयोगात उतरताना निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूच्या नात्यातल्या वनस्पतीच्या पानांत अॅग्रोबॅक्टेरियम या जनुके आत सोडणाऱ्या जिवाणूच्या साहाय्याने जनुके एकेक करून वाढवत जा, आधी सांगाड्याचे एन्झाइम, मग त्यात एकेक पी-450 मिळवत. ओटच्या अॅव्हेनासिनचा पूर्ण मार्ग याच पद्धतीने उभा केला गेला. तुमच्याच वनस्पतीत जनुक बंद पाडून पाहायचे असेल तर एक गोष्ट विसरू नका. सगळे पहिल्या पायरीचे जनुक बंद करायला धावतात, कारण त्याचा निकाल स्वच्छ मिळतो: रसायन गायब. पण त्याने गुच्छ का टिकला हे कळत नाही. शेवटच्या पायरीचेही बंद करा, दोन्हींचेही करा, आणि मग रोपांची वाढ, मुळे, परागकण पाहा. शेवटची पायरी बंद केल्यावर रोप आजारी पडले आणि दोन्ही बंद केल्यावर सावरले, तर गुच्छाला काय धरून ठेवते याचा थेट पुरावा तुमच्या हाती असेल. असा पुरावा अजून मोजक्याच गुच्छांबद्दल उपलब्ध आहे.

आणि गुच्छ खरा निघाला तरी मार्ग तिथेच संपला असे समजू नका. सिद्ध झालेल्या जनुकांची अभिव्यक्ती आमिष म्हणून वापरा आणि अख्ख्या जीनोममध्ये त्यांच्याबरोबर चालू-बंद होणारी इतर जनुके शोधा. सॅड-4सारखी गुच्छाबाहेरची जनुके अशीच हाती लागतात, आणि मार्गातली न जुळणारी पायरी बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असते.